फोटोतला टी-३४ ओळखायचा तर आधी कारखाना शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका निकामी सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा कृष्णधवल फोटो हाती आहे. खाली ‘मॉस्कोजवळ, ऑक्टोबर १९४१’ असं लिहिलंय. १/३५ स्केलचं मॉडेल बांधायचं किट घेतलंय, त्यात दोन टरेट (तोफेचे फिरते बुरूज) आणि तीन प्रकारची चाकं आहेत, आणि खोक्यावर ‘मॉडेल १९४२’ छापलंय. फोटोतला रणगाडा जसाच्या तसा उभा करायचा तर कुठले भाग लावायचे, आणि त्याला म्हणायचं काय, ‘१९४१’ की ‘१९४२’?

निकाल आधी सांगतो. तुमच्या फोटोतला रणगाडा स्टालिनग्राड ट्रॅक्टर कारखान्यातला, १९४२ मधला आहे. फोटोखालची ओळ चुकीची आहे. किटातलं एका मोठ्या हॅचचं (आत-बाहेर करायच्या झाकणाचं) जुनं टरेट वापरा, षटकोनी टरेट बाजूला ठेवा. चाकं बहुतेक पोलादी कडेची लागतील, एक मात्र रबरी. हे कशावरून, ते आता सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत तुम्हाला पुढच्या प्रत्येक टी-३४ ला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी ‘मॉडेल १९४१’, ‘मॉडेल १९४२’ हा घोळ. ही लेबलं पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी आणि किट कंपन्यांनी सोयीसाठी रूढ केली. दर जानेवारीत जुनं मॉडेल बंद आणि नवं सुरू, असं सोव्हिएत कारखान्यांत कधी झालं नाही. किटच्या भाषेत ज्याला ‘मॉडेल १९४३’ म्हणतात ते दोन गोल हॅचचं षटकोनी टरेट निझनी तागिलमधून १९४२ मध्येच बाहेर पडत होतं. त्याच वेळी गोर्कीचा कारखाना जुनंच टरेट बसवत होता. म्हणजे एकाच महिन्यात तयार झालेले दोन रणगाडे लेबलांच्या हिशेबाने वेगवेगळ्या वर्षांचे ठरतात. म्हणून माझं ठाम मत आहे की वर्ष विचारूच नये. आधी कारखाना विचारावा, मग त्या कारखान्यातला काळ. वर्ष आपोआप निघतं.

कारखाने सहा धरा. खारकोवचा १८३ क्रमांकाचा, जिथे टी-३४ जन्मला. जर्मन फौजा जवळ आल्यावर १९४१ च्या शरदात तो उचलून उरल पर्वताच्या पूर्वेला निझनी तागिलला नेला. दुसरा स्टालिनग्राड ट्रॅक्टर कारखाना, मॉडेलर मंडळी त्याला नुसतं ‘एसटीझेड’ म्हणतात. तिसरा गोर्कीचा, म्हणजे आजच्या निझनी नोवगोरोदचा, क्रास्नोये सोर्मोवो, क्रमांक ११२. १९४२ मध्ये आणखी तीन जोडले गेले: चेल्याबिन्स्कचा किरोव कारखाना, स्वेर्दलोव्स्कचा उरलमाश आणि ओम्स्कचा १७४ क्रमांकाचा. मूळ आराखडा सगळ्यांचा एकच. पण रबर कुणाला मिळतंय, ओतकाम कुठे होतंय, प्रेस किती ताकदीचा आहे, वेल्डर किती आहेत, हे प्रत्येक ठिकाणी निराळं. आराखड्यातून पळवाट काढूनच प्रत्येकाला उत्पादन चालू ठेवायचं होतं, आणि त्या पळवाटाच आज आपल्याला फोटोत ओळखीच्या खुणा म्हणून दिसतात.

आता फोटो वाचायची पद्धत. फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक भागाला मी एकच प्रश्न विचारतो: हा भाग रणांगणावर बदलता आला असता का? वेल्ड केलेल्या चिलखती प्लेटा आणि ओतीव टरेट यांची साक्ष पहिली. तोफेचं मँटलेट (तोफेच्या बुडाचं चिलखती आवरण), ड्रायव्हरचा हॅच, मागच्या प्लेटवरचा गोल किंवा चौकोनी दरवाजा, म्हणजे बोल्टने किंवा बिजागरीने बसवलेल्या गोष्टी, यांची साक्ष दुसरी. चाकं, ट्रॅक (चाकांभोवतीचे साखळी-पट्टे), इंधनाच्या टाक्या, दोरखंड, पेट्या यांची साक्ष सगळ्यात शेवटी. सोव्हिएत दुरुस्ती पथकं तीन मोडक्या रणगाड्यांतून एक धडधाकट बनवत, त्यामुळे चाकांवरून कारखाना ठरवायला जाणारा माणूस हमखास फसतो. आणि चाकं फोटोत सगळ्यात ठळक दिसतात म्हणून नवशिका नेमका तिथूनच सुरुवात करतो.

त्याच्याही आधी एक तपासणी करा: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? निगेटिव्ह उलटी लागली की डावं-उजवं बदलतं, आणि इंटरनेटवर असे फोटो भरपूर आहेत. टी-३४ मध्ये ड्रायव्हरचा हॅच रणगाड्याच्या स्वतःच्या डाव्या बाजूला असतो, पुढची मशिनगन उजव्या बाजूला. समोरून घेतलेल्या फोटोत हॅच तुमच्या उजव्या हाताला दिसला पाहिजे. तुमचा फोटो सरळ आहे.

आता फोटोकडे वळू. रणगाडा समोरून, थोडा त्याच्या स्वतःच्या डावीकडून दिसतोय. समोरच्या उतरत्या प्लेटची कड मोठी करून पाहा. बाजूची प्लेट तिला जिथे मिळते तिथे सलग सरळ वेल्ड नाही. सुतार पेटीच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवतो तसे चौकोनी दाते आहेत, आणि त्यांच्या भोवतीने वेल्डची जाड, ओबडधोबड रेघ फिरली आहे. हा सांधा म्हणजे एसटीझेडची सही. त्या काळात स्टालिनग्राडला हल (रणगाड्याचं चिलखती धड) आणि टरेट पुरवण्याचं काम शहराच्या दक्षिणेकडच्या २६४ क्रमांकाच्या जहाजबांधणी कारखान्याकडे आलं होतं, कारण मारिउपोलचा पोलाद कारखाना १९४१ च्या शरदातच हातचा गेला होता. दात्यांचा सांधा या पुरवठ्यातून आला. फोटोत आणखी काहीही दिसत नसतं आणि एवढा एकच कोपरा दिसला असता, तरी मी एसटीझेडच म्हटलं असतं. दात्यांचा सांधा कुणी रणांगणावर बसवत नाही.

दुसरी खूण मँटलेटची. या रणगाड्याच्या एफ-३४ तोफेच्या नळीखाली तिचा धक्का झेलणारी यंत्रणा असते, तिच्यावर चिलखती आवरण असतं. इतर कारखान्यांत या आवरणाच्या बाजू वाकवलेल्या, गोलसर असतात. एसटीझेडने १९४२ मध्ये ते सपाट प्लेटा कापून, वेल्ड करून बनवायला सुरुवात केली, त्यामुळे कडा टोकदार आणि पुढचा भाग तिरपा छाटल्यासारखा दिसतो. वाकवण्याचं काम वाचलं, एवढाच त्यामागचा हेतू. तुमच्या फोटोत आवरणाच्या वरच्या कडेवर ऊन पडलंय आणि बाजू एकदम काळी झाली आहे. गोलसर आवरणावर उजेड असा तुटत नाही, हळूहळू मावळतो. फोटो कितीही धूसर असला तरी उजेड आणि सावलीची ही सीमारेषा बघायची सवय लावून घ्या. बारीक तपशील हरवलेल्या फोटोतही ती टिकते.

तिसरी खूण पुढच्या मशिनगनची. तिच्या गोळ्याभोवती बाहेरून ओतीव चिलखती कवच आहे. सुरुवातीच्या टी-३४ मध्ये असं बाहेरचं संरक्षण नव्हतं, ते पुढे आलं. ड्रायव्हरच्या हॅचवरही दोन पेरिस्कोपांची झाकणं दिसतात, म्हणजे हा सुरुवातीचा एका पेरिस्कोपचा हॅच नव्हे. या दोन्ही गोष्टी आणि ते टोकदार मँटलेट १९४१ च्या ऑक्टोबरच्या पुढचा काळ सांगतात. फोटोखालची ओळ इथेच बाद होते.

आता चाकं. पाचपैकी चार चाकांना बाहेरून रबर नाही, पोलादी कड आहे. रबर आत, आसाजवळ दडवलेलं असतं. रबराची तीव्र टंचाई झाल्यावर हा मार्ग निघाला, आणि एसटीझेडने तो सगळ्यात जोरात वापरला. एक चाक मात्र रबरी कडेचं आहे. काही कारखाने १९४२ मध्ये पहिलं आणि पाचवं चाक मुद्दाम रबरी ठेवत, कारण सगळी चाकं पोलादी असली की आवाज आणि हादरे फार वाढत. तुमच्या फोटोत रबरी चाक दुसरं आहे. या जागेला तसा काही नियम लागू होत नाही, म्हणजे ते बहुधा दुरुस्तीत बसवलेलं. ते तसंच ठेवा. मॉडेलमध्ये असा एक बेमेळ तुकडा असला की त्या रणगाड्याने काहीतरी सोसलंय हे न सांगता कळतं, आणि इथे तर त्याला फोटोचा पुरावा आहे.

काळाची वरची मर्यादाही सहज ठरते. जर्मन १६ वं पँझर (रणगाडा) डिव्हिजन २३ ऑगस्ट १९४२ ला शहराच्या उत्तरेला व्होल्गेपर्यंत पोचलं आणि कारखाना थेट आघाडीवर आला. सप्टेंबरनंतर तिथून टी-३४ निघाले नाहीत. म्हणजे या खुणांचा रणगाडा १९४२ च्या पहिल्या नऊ महिन्यांतलाच. जमिनीवर उंच गवत आहे, झाडांना पानं आहेत, म्हणजे फोटोही उबदार दिवसांतला. मॉडेलच्या बेसवर बर्फ घालू नका.

इतर कारखान्यांच्या खुणाही सांगून ठेवतो. १९४० च्या अगदी सुरुवातीच्या रणगाड्यांत एल-११ तोफ असते. नळी आखूड, आणि नळीच्या वर फुगीर, जाड आवरण. एफ-३४ मध्ये तो फुगवटा नळीच्या खाली जातो, त्यामुळे बाजूने घेतलेल्या फोटोत या दोघींत गल्लत होत नाही. सोर्मोवोचा रणगाडा १९४२-४३ च्या फोटोंत टरेटवरच्या आणि हलवरच्या लांब, वाकवलेल्या हातकड्यांवरून ओळखतो. पायदळाचे सैनिक त्यांना धरून रणगाड्यावर बसून जात. दोन गोल हॅच उघडे असलेलं षटकोनी टरेट दिसलं की प्रश्न उरतो ते कसं बनवलंय याचा. ओतीव टरेटच्या बाजूंवर साच्याची शिवण दिसते, पृष्ठभाग खडबडीत असतो. उरलमाशने मात्र दहा हजार टनांच्या प्रेसवर ४५ मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून अख्खं टरेट दाबून काढलं. त्याला शिवण नाही, कोपरे मऊ गोलाईचे, आणि अंग गुळगुळीत. हे टरेट चेल्याबिन्स्कलाही जात होतं, त्यामुळे नुसतं दाबीव टरेट पाहून ‘उरलमाश’ असा शिक्का मारू नका, हलच्या खुणा तपासा. कमांडरचा उंच घुमट १९४३ च्या उन्हाळ्यापासून दिसतो. घुमट असेल तर तो फोटो १९४२ चा असूच शकत नाही, खाली काहीही लिहिलेलं असो.

इंधनाच्या बाहेरच्या टाक्या सावधपणे वाचा. हलच्या मागच्या भागाजवळच्या चौकोनी पेट्या जुन्या, बाजूंवरचे आडवे गोल पिंप १९४३ पासूनचे, एवढं ढोबळमानाने बरोबर आहे. पण पिंप जुन्या रणगाड्यावर नंतरही लागत, म्हणून त्यांच्यावरून काळाची सुरुवात कळते, कारखाना नाही. ट्रॅकचंही तसंच. सुरुवातीचे ५५० मिलिमीटर रुंद, पुढचे ५०० मिलिमीटरचे आणि चौकटींच्या नक्षीचे. रुंदी मोजून हा फरक पकडायला जाऊ नका. समोरून घेतलेल्या फोटोत तो इतका थोडा येतो की लेन्सची विकृती त्याला गिळून टाकते. नक्षी बघा.

मोजायचंच असेल तर रोडव्हील (बाजूचं मोठं चाक) ही सगळ्यात भरवशाची पट्टी. त्याचा व्यास ८३० मिलिमीटर, १/३५ मध्ये २३.७, १/७२ मध्ये ११.५. तिरप्या फोटोत चाक अंडाकृती दिसतं, पण त्याची उभी उंची जवळपास खरी राहते. ती मोजा आणि तिच्याशी फक्त शेजारच्या, तितक्याच अंतरावरच्या गोष्टींची तुलना करा. पुढच्या चाकाच्या मापाने मागची टाकी मोजली की आकडे बिघडलेच. किटमधली चाकं बाहेर काढून आधी हेच माप घ्या. जुन्या किटांत ते चुकलेलं आढळतं, आणि चाक चुकलं की अख्खा रणगाडा उंच किंवा बसका दिसतो.

टी-३४-८५, म्हणजे ८५ मिलिमीटर तोफेचा पुढचा टी-३४, याबद्दल थोडं, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. १९४४ च्या सुरुवातीला सोर्मोवोने डी-५टी तोफेचे रणगाडे काढले, मग झिस-एस-५३ तोफ आली आणि तीच पुढे सगळीकडे राहिली. डी-५टी असलेल्या टरेटवर कमांडरचा घुमट पुढे सरकलेला असतो, नंतरच्या टरेटवर तो मागे गेला. तोफेचा तपशील दिसत नसेल तर बाजूच्या फोटोत घुमटाची जागा बघा. केव्ही या सोव्हिएत जड रणगाड्यांत मात्र तोफेवरूनच सुरुवात करा: १९४० ची एल-११, १९४१ ची एफ-३२, पुढे झिस-५. ‘आयएस-२’ या पुढच्या जड रणगाड्यात समोरच्या प्लेटची पायरी महत्त्वाची. पायरी असेल तर जुना हल, सरळ उतार असेल तर १९४४ चा सुधारलेला.

आता संग्रहालयांबद्दल एक इशारा, कारण संदर्भ म्हणून पाठवलेले तुमचे दोन रंगीत फोटो तिथले आहेत. युरोपातल्या चौथऱ्यांवर आणि संग्रहालयांत उभे असलेले बरेच टी-३४-८५ युद्धानंतर पोलंड किंवा चेकोस्लोव्हाकियात बनलेले आहेत. सोव्हिएत सैन्यानेही १९६० च्या दशकात आपल्या रणगाड्यांची मोठी दुरुस्ती केली तेव्हा त्यांना टी-५४ घराण्याची चाकं, नवे दिवे, रात्री बघायची उपकरणं बसवली. ताऱ्यासारख्या उठावदार आऱ्यांचं चाक दिसलं की तो फोटो युद्धकाळाचा संदर्भ म्हणून वापरू नका. टरेटच्या छपरावर एक पंखा पुढे आणि एक मागे असा वेगळा दिसला तरी सावध व्हा, ती मांडणी युद्धाच्या शेवटची किंवा त्यानंतरची. मात्र ओतीव पोलाद जवळून कसं दिसतं, वेल्डची रेघ किती जाड असते, गंजाचा रंग कुठे कसा उतरतो, हे कुठलाही युद्धकालीन रणगाडा शिकवतो. महाराष्ट्रात राहत असाल तर अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन या. तिथल्या ब्रिटिश मटिल्डाचं ओतीव टरेट हाताच्या अंतरावरून बघा. लेंडलीजमधून, म्हणजे मित्रराष्ट्रांच्या युद्धकालीन मदत योजनेतून, सोव्हिएत सैन्यालाही हाच रणगाडा मिळाला होता, त्यामुळे आपल्या विषयापासून तो फार लांब नाही.

रंगाचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. कृष्णधवल फोटोतून हिरव्याची छटा काढता येत नाही, आणि काढल्याचा दावा कुणी केला तर मानू नका. त्या काळच्या काही फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, त्यांत लाल अंक काळपट येतो. आधार म्हणून सोव्हिएत ४बीओ संरक्षक हिरवा घ्या, आणि फोटोकडून फक्त एवढं घ्या की कुठला भाग शेजारच्यापेक्षा फिका आणि कुठला गडद. तुमच्या फोटोत ते रबरी चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट फिकं आहे. धूळही असू शकते, पण चिखलाचे ओघळ चारही पोलादी चाकांवर सारखे असून इथे नाहीत. म्हणून मी ते चाक जरा वेगळ्या, फिकट हिरव्यात रंगवीन.

बांधणीला बसताना दात्यांच्या सांध्याला वेळ द्या, कारण किटमध्ये तो नसेल तर करावाच लागेल. समोरच्या प्लेटच्या दोन्ही कडांना फोटोवरून दात्यांच्या जागा पेन्सिलीने आखा, त्यांच्या कडा स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) कोरा आणि मग त्या खाचेत वेल्ड भरा. वेल्डसाठी दोन भागांच्या इपॉक्सी पुटीची बारीक वात लाटून ठेवायची, ओल्या ब्लेडच्या टोकाने तिला जवळजवळ आडवे चट्टे द्यायचे. चट्टे एकसारखे आले तर मुद्दाम बिघडवा, फोटोतला वेल्ड घाईतला आहे. टरेटचा खडबडीतपणा किटमध्ये सहसा कमी पडतो. पातळ केलेली पुटी तोकड्या केसांच्या ब्रशने ठोकत लावा, वाळल्यावर बारीक सँडपेपरने फक्त वरचे कोंब उतरवा. टरेटचं छप्पर मात्र सपाट प्लेटचं असतं, तिथे हा खडबडीतपणा नेऊ नका.

मँटलेटचं आवरण किटमध्ये गोलसर असेल तर ते तासून चालणार नाही. अर्धा मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून दोन बाजू, एक वरची आणि एक पुढची तिरपी पट्टी कापून नव्याने जोडा. कडा घासून गोल करू नका.

उरली रणगाड्याची उजवी बाजू, जी फोटोत नाही. तिथे अंदाजाने काहीही लादू नका. एसटीझेडच्या त्याच काळातल्या दुसऱ्या फोटोंत जे नेहमी आढळतं तेवढंच ठेवा: पोलादी चाकं, रबराविना आयडलर (ट्रॅक ताणणारं पुढचं चाक), दात्यांचा सांधा. पेट्या आणि दोरखंड तिकडे लावूच नका. मागच्या प्लेटवर गोल दरवाजा घ्या. आणि बांधायला घेण्यापूर्वी फोटोची मोठ्या रिझोल्यूशनची प्रत मिळते का ते एकदा बघा. टरेटच्या डाव्या बाजूला मला अंकाची अर्धी पुसलेली रेघ दिसते आहे, ती ‘३’ ची आहे की ‘८’ ची, हे डीकल (अंकाचं चिकटचित्र) लावण्याआधी ठरलेलं बरं.